जज्जसाहेबांना जाब कोणी विचारायचा?

न्यायाधीशांच्या चौकशीचा विषय निघाला की चर्चा दिल्लीतच घुटमळते. कोकणपट्टीत हा वाद जवळपास दोनशे वर्षे जुना आहे आणि त्याचे एक टोक ठाण्याच्या तुरुंगात सापडते.

१८२८ साली मुंबईत इंग्लंडच्या राजाचे सुप्रीम कोर्ट होते, तर बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती. सुप्रीम कोर्टाने दोघांना आपल्यासमोर हजर करण्याचे हुकूम काढले. एक पुण्याचा मोरो रघुनाथ, दुसरा ठाण्याच्या तुरुंगातला बापू गणेश. गव्हर्नर सर जॉन माल्कमला हे रुचले नाही. पेशवाई बुडून दहाच वर्षे झालेली, त्यात राजाच्या कोर्टाचा हात मुंबईबाहेर पोचू लागला तर सरकारचा धाक काय राहणार? असे हुकूम काढू नका, असे त्याने न्यायाधीशांना लेखी कळवले. त्याच सुमारास तिघांपैकी दोन न्यायाधीश वारले आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटा उरला. सरकार हुकूम मानत नाही म्हटल्यावर त्याने एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च अपिली संस्थेने, निकाल सरकारच्या बाजूने दिला. त्यात वावगे काही नाही, वरच्या पायरीवर निकाल फिरतातच. लंडनहून हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लॉर्ड एलनबरोने माल्कमला जे लिहिले, ते मात्र निराळे होते. दोन नवे न्यायाधीश येत आहेत, दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानहत्ती सापडावा तशी ग्रँटची गत होईल, असा त्याचा आशय. पत्र फुटले आणि बोभाटा झाला. न्यायाधीशाला हात न लावता त्याच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे बसवायची, ही युक्ती एलनबरोबरोबर संपली असे मानायला मी तरी तयार नाही.

तालुक्याच्या गावी तर एवढ्या खटपटीचीही गरज नव्हती. मामलेदार सारा वसूल करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही सुनावी. त्याची बढती-बदली वरच्या साहेबाच्या मर्जीवर. त्याचे काय होते ते १८८८ मध्ये क्रॉफर्ड या इंग्रज कमिशनरवर लाचखोरीचे आरोप झाले तेव्हा दिसले. क्रॉफर्डचा अंमल घाटावरचा, पण मामलेदारी सगळीकडे सारखीच. बढती-बदलीसाठी पैसे मोजल्याची कबुली अनेक मामलेदारांनी अभय मिळाल्यावर दिली. चौकशी आयोगाने क्रॉफर्डला लाचखोरीतून सोडले. हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. पुढे सरकारने काही मामलेदारांनाही घरी बसवले, तेव्हा रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. लाच देणाऱ्यांची बाजू घेणे आज विचित्र वाटेल. पण सरकारने दिलेला शब्द पाळायचा की नाही, हा प्रश्न खराच होता.

मुंबई राज्यात फौजदारी न्याय महसूल खात्यापासून वेगळा करण्याचा कायदा १९५१ मध्ये झाला. शेपूट मात्र राहिले. मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा अजून जिवंत आहे. गडगा घालून कुणी शेताची वाट अडवली तर आजही तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि त्या तहसीलदाराची बदली सरकार करते.

दिवाणी न्यायाधीशाचे तसे नाही. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या घटनेत अनुच्छेद २३५ ने खालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे गेले. नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाईही येते, हे बंगालमधल्या बागची प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे मंत्र्याची भीती गेली. उच्च न्यायालयाची राहिली. बदली, गोपनीय अहवाल, मुदतपूर्व निवृत्ती, सारे तिथूनच. न्यायाधीश कडक असला की तालुक्यात अर्ज-निनावी पत्रांना ऊत येतो. प्रामाणिक न्यायाधीशाला अशा तक्रारींपासून जपणे उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र हवे, ही अट २०१४ ची.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे उलटे. त्यांना पदावरून काढायचे तर लोकसभेतल्या १०० किंवा राज्यसभेतल्या ५० सदस्यांच्या सह्या, तिघांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्या. रामस्वामी यांच्याविरुद्ध समितीने आरोप सिद्ध मानले, पण १९९३ मध्ये लोकसभेत १९६ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत २०११ मध्ये मंजूर झाला, तर लोकसभेत मतदान होण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला.

मधली वाट मुंबईच्या प्रकरणातून निघाली. मुख्य न्यायमूर्ती भट्टाचार्जी यांनी राजीनामा द्यावा म्हणून वकील संघटनांनी जोर लावला, त्यांनी दिलाही. वकिलांनी असा दबाव आणू नये, तक्रार सरन्यायाधीशांपर्यंत न्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. त्यातून १९९९ ची अंतर्गत चौकशीपद्धत आली. चौकशी करणारे न्यायमूर्तीच, आणि काढून टाकण्याचा अधिकार त्यातही नाही. तालुक्याच्या जज्जावर जी कारवाई महिन्या-दोन महिन्यांत सुरू होऊ शकते, तिला वर पोचायला संसद लागते. हा फरक मला स्वातंत्र्याच्या नावाखाली खपवलेला वाटतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणे त्याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. पक्षकाराची मुंबईवारी वाचली. इथल्या न्यायाधीशांच्या बदल्या आणि चौकश्यांची सूत्रे मात्र उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या प्रशासनाकडेच आहेत.