प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने किती थांबावे?

शिक्षकांच्या प्रश्नांची मोजदाद पहिल्यांदा गांभीर्याने झाली ती अमेरिकेत. शिक्षण-संशोधक रोमिएट स्टीव्हन्स यांनी लघुलिपिकांकडून वर्गातले तास शब्दशः उतरवून घेतले आणि १९१२ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक दिवसाला सरासरी ३९५ प्रश्न विचारत होते, आणि त्यांतले बहुतेक पाठांतर तपासणारे होते. एवढ्या प्रश्नांच्या माऱ्यात मुलांना विचार करायला वेळ कुठून मिळणार, ही स्टीव्हन्स यांची तक्रार होती. मात्र दोन प्रश्नांमधली शांतता त्यांनी मोजली नव्हती.

ती मोजली विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी. १९६० च्या दशकात अमेरिकी प्राथमिक शाळांत विज्ञानाचे नवे, प्रयोगांवर आधारलेले अभ्यासक्रम आले. मुलांच्या हातात साहित्य होते, तरी वर्गातले बोलणे तुटक आणि एकेका शब्दाचेच राहिले. असे का, हे शोधताना रो यांनी ध्वनिमुद्रित तासांतली शांतता सेकंदांत मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारत, बदलत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. 'हुशार' मानलेल्या मुलांसाठी ते जास्त थांबत, मागे पडणाऱ्यांसाठी कमी. ज्याला वेळ सर्वांत जास्त हवा, त्यालाच तो सर्वांत कमी मिळत होता. माझ्या मते रो यांचा सर्वांत गंभीर निष्कर्ष हाच.

त्यांचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले की उत्तरे लांब होत, 'माहीत नाही' कमी होई, मुले स्वतः प्रश्न विचारत आणि एकमेकांच्या म्हणण्याला उत्तर देत. पुढे विज्ञानशिक्षणाचे संशोधक केनेथ टोबिन यांनी १९८७ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांना या वेळेचा फायदा होतो, हे त्यातून अधोरेखित झाले. 'सात आठे किती?' याला तीन सेकंदांची गरज नाही. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो?' याला आहे.

रो यांनी सांगितलेला अर्धा भाग मात्र प्रशिक्षणांत बहुधा गळून पडतो. थांबायच्या जागा दोन आहेत. एक प्रश्नानंतर, दुसरी मुलाच्या उत्तरानंतर. मूल एक वाक्य बोलून श्वास घेते, तेवढ्यात 'शाब्बास' किंवा 'बरोबर' आले की त्याचे 'कारण...' ओठांतच राहते. सतत कौतुक होणाऱ्या वर्गांत मुले शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत, प्रश्नार्थक सुरात उत्तर देत, असेही रो यांना आढळले. उत्तरानंतर तीन सेकंद गप्प राहणे अवघड आहे, पण मुलाचे कारण ऐकायचे असेल तर तीच शांतता पाळावी लागते.

वर्गात हे बिघडते ते ठरावीक ठिकाणी. 'सुजाता, सांग बरं,' असे नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करणे सोडतो. म्हणून प्रश्न, मग तीन सेकंद, मग नाव. शांतता सहन न होऊन प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला तर मुलांना पहिल्यापासून विचार करावा लागतो. एकट्या मुलाला उभे करून थांबले तर त्याला ती शिक्षा वाटते. मुलाचे उत्तर शिक्षकाने मोठ्याने पुन्हा म्हटले की बाकीची मुले वर्गमित्राचे ऐकणे बंद करतात.

पट ५०–६० चा असेल तर शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची १९८१ मधली पद्धत उपयोगी पडते: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग वर्गासमोर सांगणे. विचाराला १० सेकंद आणि जोडीला एक मिनिट पुरते. विचाराचा टप्पा वगळला तर जोडीतले बोलके मूलच दोघांच्या वतीने उत्तर ठरवते.

स्वतःचा वेग तपासायला मोबाइल टेबलावर ठेवून १० मिनिटांचे ध्वनिमुद्रण पुरे. ऐकताना फक्त 'का' आणि 'कसे'चे प्रश्न निवडावेत आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहावेत: प्रश्नानंतरचे सेकंद आणि उत्तरानंतरचे सेकंद. सुधारणा दुसऱ्या आकड्यापासून सुरू करावी.