पोटातले कावळे गप्प झाले की...

१९४४च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वतःहून अर्धपोटी राहायला तयार झाले. शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्यांना सहा महिने नेहमीच्या जवळपास निम्म्या उष्मांकांवर ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं, ताकद गेली, केस गळले, सतत थंडी वाजू लागली. पण या प्रयोगातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे त्यांची अन्नाची ओढ. ही मुलं ताटं चाटून लख्ख करायची, पाककृती जमवत बसायची, झोपेतही त्यांना जेवण दिसायचं. शरीराला काही कमी पडतंय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पोटातले कावळे रात्रंदिवस तेच ओरडत होते.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही मधुमेहावर आणि वजन उतरवण्यासाठी बहुधा टोचून घ्यायची औषधं. ती घेणाऱ्याच्या पोटात हे कावळे गप्प असतात. सेमाग्लुटाइडच्या काही प्रयोगांत लोकांसमोर हवं तेवढं अन्न ठेवलं होतं, कसलीही सक्ती नव्हती. तरी ते सुमारे २४ ते ३५ टक्के कमी जेवले. वजन उतरवायला याहून सोपा मार्ग कोणता? पण स्नायू, हाडं आणि रक्त यांची मागणी भूक मेली म्हणून कमी होत नाही. ती मागणी कळवणारा निरोप्या तेवढा घरी बसलेला असतो.

हा निरोप्या गप्प कसा होतो? आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ते मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. शरीरातलं हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निम्मं नष्ट होतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं, पण त्याची रचना अशी केली आहे की त्याला निम्मं व्हायला जवळपास एक आठवडा लागतो. म्हणजे ‘पुरे’चा निरोप आठवडाभर चालूच. टिर्झेपॅटाइड याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही नक्कल करतं. (या औषधांच्या घराण्यातलं २००५ साली मान्यता मिळालेलं पहिलं औषध गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या लाळेतल्या एका रेणूवरून बनवलं होतं. हा प्राणी वर्षातून मोजक्याच वेळा खातो. असला योगायोग कथेत घातला असता तर कुणाला पटला नसता.)

आता थोडं गणित. समजा, कुणी रोज २,२०० उष्मांक खात होतं आणि त्यात ६६ ग्रॅम प्रथिनं होती. औषधानंतर खाणं १,४०० उष्मांकांवर आलं आणि जेवणातले पदार्थ तेच राहिले, तर प्रथिनं ४२ ग्रॅमवर येतात. लोह, कॅल्शियम, तंतू (फायबर), सगळंच त्याच प्रमाणात घसरतं. पूर्वी ताटात एखादी गोष्ट कमी असली तरी एकूण खाण्याच्या ढिगात ती उणीव झाकली जायची. आता झाकायला ढीगच नाही. म्हणून ‘कमी खा’ हा सल्ला या लोकांच्या काही कामाचा नाही. ते काम औषध करतंच आहे. त्यांचा प्रश्न असतो तो या मोजक्या घासांत काय काय बसवायचं हा.

सगळ्यात आधी बसवायची ती प्रथिनं. वजन कसंही उतरवलं तरी चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्के घटलं. चाचणीतल्या १४० जणांच्या शरीराचं स्कॅन केलं, तेव्हा औषध घेणाऱ्यांच्या घटलेल्या वजनात चरबी सोडून इतर भागाचा वाटा सुमारे ४० टक्के निघाला. टिर्झेपॅटाइडच्या तशाच मोजणीत तो सुमारे २५ टक्के होता. या आकड्यांवरून ‘औषधाने स्नायू वितळतात’ अशी ओरड होते, ती मला अतिरेकी वाटते. चरबी सोडून उरलेला भाग म्हणजे सगळा स्नायू नव्हे, त्यात पाणी आणि इतर अवयवही येतात. शिवाय जड शरीर वाहून नेण्यासाठी तयार झालेला जादा स्नायू ओझं उतरल्यावर थोडा कमी होणारच. पण साठी ओलांडलेल्या, मुळातच हातापायांनी काटक्या झालेल्या माणसाला थोडी घटही परवडत नाही. त्याच्यासाठी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येणं हा काट्यावरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा निकाल आहे.

एरवी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानतात. वजन झपाट्याने उतरत असताना तज्ज्ञ साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात. वजन बरंच जास्त असेल तर हा हिशेब सध्याच्या वजनावर न करता बेताच्या, गाठायच्या वजनावर करतात. ७५ किलो धरले तर निदान ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, शिजवलेल्या १०० ग्रॅम माशात २० च्या वर, वाटीभर शिजलेल्या डाळीत ७-८ च्या आसपास. भूक नसलेल्या माणसाला हा डोंगरच वाटतो. तो एका बैठकीत चढताही येत नाही, म्हणून दिवसाच्या तीन-चार खाण्यांत वाटून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

इथे ताटातला क्रम कामाला येतो. पहिल्या पाच-सात घासांनंतर पोट ‘बास’ म्हणणार हे ठरलेलंच आहे, तर ते घास प्रथिनांचे असू द्यावेत. मग भाजी, मग उरलेल्या जागेत भात, पोळी किंवा पाव. ज्यांना घन अन्न नकोसं होतं त्यांना दूध, दही किंवा डाळीचं पातळ सूप सहज जातं. ‘भूक लागली की खाईन’ हा नियम मात्र या काळात गुंडाळून ठेवावा. भूक लागतच नाही आणि संध्याकाळी लक्षात येतं की दिवसभरात एक केळं खाल्लं. घड्याळ बघून खावं, औषध घेतो तसं.

मळमळीचंही कारण यातच आहे. मेंदूच्या मागच्या खालच्या भागात तृप्ती आणि मळमळ यांची ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत. एकाला हात लावला की दुसरंही बऱ्याचदा जागं होतं. त्यात जठर सावकाश रिकामं होतं. तळकट, तुपकट जेवण मुळातच जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणजे एका ब्रेकवर दुसरा ब्रेक. लहान घास, कमी तेल, तडस लागायच्या आधी थांबणं आणि जेवून लगेच आडवं न होणं एवढ्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. मळमळ बहुधा मात्रा वाढवतानाच्या आठवड्यांत जोर करते. रक्तातलं सेमाग्लुटाइड टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असतं, म्हणून ते दिवस हलक्या जेवणाचे ठेवून आठवड्याच्या उत्तरार्धात भरपाई करणं अनेकांना जमतं.

पाण्याकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. आपल्या रोजच्या पाण्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त अन्नातूनच येतो. जेवण घटलं की तेही घटतं, वर काहींची तहानही मंदावते. मग चक्कर येते, मल कोरडा होतो. बद्धकोष्ठतेवर तंतू हवेतच, पण एकदम ढीगभर कोंडा खाल्ला आणि पाणी वाढवलं नाही, तर गाडी आणखी अडते. तंतू हळूहळू वाढवावेत. पाणीही जेवताना गटागटा न पिता मधल्या वेळेत घोट घोट घ्यावं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या सगळ्यांना लागतातच असं नाही. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासून मगच ठरवावं. एका गोष्टीत मात्र वाट पाहू नये: उलट्या थांबतच नसतील तर लगेच डॉक्टर गाठावेत. थायमिनचा, म्हणजे बी-१ चा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. इन्सुलिनही घेणाऱ्यांनी खाणं घटल्यावर त्याची मात्रा लगेच तपासून घ्यावी, नाहीतर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आणि प्रथिनं खाल्ली म्हणून स्नायू आपोआप टिकत नाहीत. त्यांना ओढ बसावी लागते: वजनं उचलणं, रबरी पट्टे ताणणं, उठाबशा, आठवड्यातून दोन-तीनदा. नुसतं चालणं हृदयाला चांगलं, पण या कामाला अपुरं.

हा खटाटोप औषध चालू असेपर्यंतचाच नाही. त्याच मोठ्या चाचणीतल्या काही जणांवर औषध थांबवल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. मिनेसोटातल्या त्या तरुणांनाही नंतर पोटभर अन्न मिळू लागलं. त्यांच्या अंगावर आधी चरबी भरली, ती पूर्वीपेक्षाही जास्त झाली, आणि स्नायू कितीतरी मागे रेंगाळत राहिला.