४२२००१ (संख्या)

४२२००१ म्हणजे चार लाख बावीस हजार एक. नाशिककरांना ही हेड पोस्टाचा पिनकोड म्हणूनच पाठ, कुरियरवाल्याला सांगताना "फोर डबल टू, डबल झिरो वन" आपोआप तोंडातून निघतं, पण पिनकोड बाजूला ठेवून नुसती संख्या म्हणून बघितली तरी ही चांगलीच मजेशीर निघते.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागाकार येतो ४६८८९ आणि ती मूळ संख्या आहे (२११ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्यापुढे गरज नाही कारण पुढची मूळ संख्या २२३, तिचा वर्गच मोठा होतो). त्यामुळे विभाजक फक्त सहा: १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ती स्वतः. ४६८८९ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, शिवाय ९ हा ३ चा वर्ग असल्यामुळे नऊपट केली तरी ते टिकतं, म्हणून ४२२००१ = ६०० चा वर्ग + २४९ चा वर्ग. दुसरी जोडी नाही. उलटी करून तिच्यातच मिळवली तर ५२२२२५, दोन्हीकडून सारखी, पण हातचा येत नसल्यामुळे ते व्हायचंच होतं, त्यात विशेष काही नाही.

अंकांच्या बेरजेने भाग जातो म्हणून ही हर्षद संख्या. ही कल्पना गणिती द. रा. कापरेकरांची, जे १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. आता त्यांचीच प्रसिद्ध क्रिया लावून बघू: अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, उत्तरावर परत तेच. चार अंकी संख्येत (सगळे अंक सारखे नसले तर) शेवटी ६१७४ येतं आणि गाडी थांबते. सहा अंकीत तसं नाही. काही संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर थांबतात, बाकीच्या गोल फिरत राहतात आणि आपली दुसऱ्या गटातली. ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुढचं उत्तर परत ४२०८७६! सात संख्यांचं चक्र, पहिल्याच वजाबाकीत आत शिरलो की बाहेर पडायला वाटच नाही. माझ्या मते या संख्येत बघण्यासारखं सगळ्यात जास्त हेच, कागद घेऊन करून बघा, कॅल्क्युलेटरवर मजा येत नाही.

कापरेकरांची आणखी एक कल्पना म्हणजे स्वयंभू संख्या, तिला देवळाली संख्याही म्हणतात: कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होऊ शकत नाही ती. ४२२००१ त्यात बसत नाही, कारण ४२१९७४ च्या अंकांची बेरीज २७ आणि ४२१९७४ + २७ = ४२२००१. गंमत म्हणजे देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१ सुद्धा देवळाली संख्या नाही, तो ४२२३८१ + २० मधून येतो.