ठिपक्यांचा समुद्र कुठून पाहावा?

निळा आणि पिवळा रंग पॅलेटवर कालवले की हिरवा होतो. तेच रंग बारीक ठिपक्यांनी शेजारीशेजारी लावून लांबून पाहिले, तर बहुधा करडा दिसतो. कालवणीत प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं. दोन्हींच्या तावडीतून सुटलेला हिरवाच बाहेर पडतो. ठिपक्यांचा प्रकाश मात्र डोळ्यात एकत्र येतो आणि त्याची सरासरी होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डेन रूड यांनी १८७९ च्या आपल्या पुस्तकात हा भेद मांडला. फ्रेंच अनुवादातून तो ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरापर्यंत पोचला.

१८८५ च्या उन्हाळ्यात सरानं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ‘ल बेक द्यु ओक’ हा कडा रंगवला. अशा चित्रात पाण्याचा थर एकच नसतो. आधी पाण्याचा स्वतःचा निळसर-हिरवा. तो वाळला की आकाशाच्या प्रतिबिंबाचा फिका निळा. त्यावर उन्हाचे विरळ नारिंगी ठिपके. नारिंगी हा निळ्याचा पूरक, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोरचा रंग, म्हणून थोडाच पुरतो. तो निळ्याच्या बरोबरीनं पडला, तर समुद्र राखाडी होतो. खालचा थर ओला असतानाच ठिपके दिले, तर रंग कॅनव्हासवरच कालवले जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. काळ्या कड्याला लागून पाणी किंचित उजळ ठेवायचं, उजळ पाण्यालगत कडा अधिक गडद: शेजारचे रंग एकमेकांचा फरक वाढवतात, हे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्येच दाखवलं होतं.

रंग डोळ्यात पूर्ण मिसळतात, हे मात्र अर्धसत्य आहे. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा ओळखतो. त्या हिशेबानं ३ मिलिमीटरचे ठिपके एकजीव व्हायला सुमारे १० मीटर मागं जावं लागेल. ‘बेक द्यु ओक’ जेमतेम ६५ × ८२ सेंटिमीटरचं आहे. तेवढ्या लांबून ते कोण पाहणार? दोन-तीन मीटरवर ठिपके धड सुटेही दिसत नाहीत आणि विरघळतही नाहीत. पाणी लखलखतं ते याच अंतरावर. माझ्या मते या समुद्रचित्रांची खरी ताकद या अपुऱ्या मिश्रणातच आहे. सराचा सहकारी चित्रकार पॉल सिन्याक १८९२ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-त्रोपे या बंदराच्या गावी गेला आणि पुढं त्याचे ठिपके फरशीच्या तुकड्यांएवढे ठसठशीत झाले. ते मिसळणं शक्यच नव्हतं, तरी त्याचं बंदर उन्हानं भरलेलं वाटतं.

घात केला तो रंगद्रव्यानं. सराच्या ‘ग्रांद जात’ चित्रात उन्हाच्या हिरवळीवरचे झिंक यलो या पिवळ्या रंगद्रव्याचे ठिपके काही वर्षांतच तपकिरी पडले. आज हे तंत्र करून पाहायचं असेल, तर कॅडमियम यलो घ्यावा.