फीडबॅक दिला म्हणजे सहभाग झाला का?

प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं स्टँडर्ड कसं ठरतं यावर बोलणं निघालं की दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, फीडबॅक आणि सहभाग. कमिटी म्हणते आमची प्रोसेस एकदम ओपन आहे, कोणीही येऊन मत मांडा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं चला, आता निर्णयात आपलाही हात असणार. मग फीचर जसंच्या तसं येतं, लोक चिडतात, कमिटीवाले म्हणतात अहो विचारलं होतं की तुम्हाला, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. मला हा घोळ मनापासून खटकतो कारण यात चांगली माणसं दुखावली जातात, वर्षभर खपून प्रपोजल लिहिणारीही आणि तळमळीने कमेंट टाकणारीही.

सोप्या शब्दांत, फीडबॅक म्हणजे वस्तू बऱ्यापैकी तयार आहे, बघा आणि सांगा कशी वाटते. सहभाग म्हणजे मुळात कुठला प्रॉब्लेम सोडवायचाय आणि तो कोणाचा आहे हे ठरतंय तेव्हाच तुम्ही तिथे आहात, आणि तुम्ही काही म्हटलंत तर त्याला उत्तर देणं कोणावर तरी बंधनकारक आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, माणसं लिहितायत, वाद घालतायत.

पहिला फरक वेळेचा. जावास्क्रिप्टची कमिटी, टीसी३९, प्रत्येक प्रपोजल स्टेजमधून नेते. स्टेज १ म्हणजे हा प्रॉब्लेम वेळ देण्यासारखा आहे असं कमिटीला पटलं, स्टेज २ ला डिझाइन आकार घेतं, आणि स्टेज ३ पर्यंत ते जवळपास पक्कं होऊन ब्राउझरवाले ते बनवायला घेतात. आता बहुतेक डेव्हलपरांच्या कानावर एखादं फीचर कधी येतं? स्टेज ३ ला, ब्राउझरमध्ये दिसायला लागल्यावर. तेव्हा तुम्ही म्हणालात मला हा सिंटॅक्स आवडला नाही, तर त्याचं काही होत नाही, ती वेळ निघून गेलेली असते. तेव्हा फक्त एकच गोष्ट ऐकली जाते, हे आल्यामुळे काय तुटलं. २०१८ मध्ये नेस्टेड ॲरे, म्हणजे एकात एक असलेल्या याद्या, सपाट करणारं फंक्शन फ्लॅटन या नावाने यायचं होतं, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीत त्याच नावाचं फंक्शन आधीपासून होतं, फायरफॉक्सच्या नाइटली बिल्डमध्ये, म्हणजे रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीत, एक साईट मोडलेली दिसली, आणि शेवटी नाव बदलून फ्लॅट झालं. अत्यंत उपयोगी फीडबॅक होता तो, लाखमोलाचा, पण नीट बघा, इतक्या उशिरा तो बदलू काय शकला, तर नाव.

पायथनमध्ये याहून मोठं झालं. टाइप ॲनोटेशन, म्हणजे कोडमध्ये व्हेरिएबल कुठल्या प्रकारचं आहे हे सांगणाऱ्या नोंदी, यांचं मूल्यमापन पुढे ढकलून त्या स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, ठेवायच्या असं पीईपी ५६३ सांगत होतं (पीईपी म्हणजे पायथनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव). २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आलं, आणि ३.१० मध्ये डीफॉल्ट होणार होतं. सगळं जाहीर, सगळं वाचायला मोकळं, एक ओळही लपवलेली नाही. आणि तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये, नवी फीचर घेणं बंद व्हायला काही आठवडे उरले असताना, पायडँटिक आणि फास्टएपीआय या लोकप्रिय लायब्रऱ्यांच्या बाजूने आवाज उठला की आम्ही या ॲनोटेशन प्रोग्रॅम चालू असताना वाचतो, आमचं तर कोलमडेल. पायथनचे अंतिम निर्णय घेणाऱ्या स्टीअरिंग कौन्सिलने बदल थांबवला, माझ्या मते फार शहाणपणाने थांबवला, आणि अखेर पीईपी ६४९ चा वेगळा मार्ग घेऊन तो २०२५ च्या पायथन ३.१४ मध्ये आला. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता हो. ॲनोटेशन रनटाइमला वाचणाऱ्या मंडळींचा प्रॉब्लेम, डिझाइन ठरताना टेबलावर पुरेसा आलाच नव्हता, एवढंच. दार उघडं होतं पण आत या म्हणून कोणी हाक मारली नव्हती. प्रोसेस ओपन असणं ही सहभागाची सुरुवात झाली, तो सहभाग नव्हे, हे यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे मला दिसलं नाही.

दुसरा फरक उत्तराच्या जबाबदारीचा, आणि इथे बऱ्याच जणांचा अंदाज उलटा निघतो. सी प्लस प्लसचं स्टँडर्ड आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या छत्राखाली बनतं, डब्ल्यूजी२१ या गटात, आणि आयएसओ म्हटलं की बंद खोली, औपचारिक कागद, असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण ड्राफ्टवर बॅलट, म्हणजे देशांचं मतदान, होतं तेव्हा एखाद्या देशाच्या नॅशनल बॉडीने, म्हणजे तिथल्या मानक संस्थेने, अधिकृत कमेंट पाठवली तर त्या प्रत्येक कमेंटचं काय केलं, मान्य, अमान्य की बदल करून मान्य, हे नोंदवावं लागतं. एकही कमेंट हवेत सोडता येत नाही. याउलट कुठल्या तरी गाजलेल्या ओपन चर्चेत पाचशे कमेंट पडल्या तर त्यातली तुमची चारशेबारावी कोणी वाचलीच पाहिजे असा नियम नसतो. म्हणजे दिसायला बंद असलेली पद्धत या एका बाबतीत जास्त सहभागी ठरते, फक्त त्या नॅशनल बॉडीपर्यंत पोचायचं कसं हे सामान्य प्रोग्रॅमरला माहीत नसतं, आणि मला वाटतं कमिट्यांनी सगळ्यात आधी हे समजावून सांगायला हवं.

रस्ट या लँग्वेजने या जबाबदारीचा दुसरा मार्ग काढलाय. तिथल्या आरएफसीमध्ये, म्हणजे बदलाच्या प्रस्तावांवरच्या उघड चर्चेत, तत्त्व असं की जे कारण उघड चर्चेत आलेलंच नाही त्याच्या जोरावर निर्णय घ्यायचा नाही, आणि निर्णयाच्या आधी दहा दिवसांचा अंतिम कमेंट कालावधी असतो. हरलात तरी कुठल्या मुद्द्यावर हरलात ते तुम्हाला वाचता येतं, आणि माणूस पुन्हा यायला तयार होतो तो यामुळेच. पायथनच्या पीईपीमध्ये नाकारलेल्या कल्पनांचा वेगळा भाग असतो तोही याच कामाचा.

मग सरळ मतदानच घ्या ना, असं कोणीतरी म्हणतंच. पायथनने ते करून बघितलंय. २००३ मध्ये पीईपी ३०८ साठी, म्हणजे एका ओळीत इफ-एल्स लिहिण्याच्या सोयीसाठी, कम्युनिटीचं मत घेतलं. असं काहीतरी हवं याकडे कल होता पण कुठल्याच एका रूपाला बहुमत मिळेना, सबब प्रस्ताव तेव्हा फेटाळला गेला, आणि पुढे २००५ मध्ये पायथनचा जनक ग्वीदो व्हान रॉसमनेच एक रूप निवडलं जे २००६ च्या पायथन २.५ मध्ये आलं. मतदानात आवड कळते, कारण कळत नाही, म्हणून आकडा कितीही मोठा असला तरी ते फीडबॅकच्याच बाजूला पडतं. मत जेव्हा सहभाग बनतं ते कसं दिसतं हे जावाने दाखवलं. २०१७ च्या मे महिन्यात मॉड्यूल सिस्टीमचा जेएसआर ३७६ हा प्रस्ताव एक्झिक्युटिव्ह कमिटीत १० विरुद्ध १३ असा पडला, पण विरोध करणाऱ्यांना आपली हरकत लिहून मांडायची सोय होती, त्या हरकतींवर काम झालं, आणि जूनमध्ये फेरमतदानात एकही मत विरोधात गेलं नाही.

फीडबॅक कमी दर्जाचा आणि सहभाग श्रेष्ठ असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाहीये. २०१९ मध्ये गो या लँग्वेजच्या टीमने एरर हाताळायला ट्राय नावाचं बिल्ट-इन सुचवलं, लोकांनी भरभरून लिहिलं, आणि टीमने ठरलेल्या मुदतीच्या आधीच प्रस्ताव मागे घेतला. तो निव्वळ फीडबॅकच होता, पण निर्णय व्हायच्या आधी मागितला होता आणि खरंच ऐकायची तयारी होती म्हणून चालला.

तिसरा फरक खर्चाचा, आणि यावर फार कमी बोललं जातं. फीडबॅकला दहा मिनिटं लागतात. सहभागाला वर्षं लागतात, डब्ल्यूजी२१ च्या मीटिंग आठवडा आठवडा चालतात, टीसी३९ मध्ये कल्पना बाहेरचा माणूस देऊ शकतो पण ती पुढे न्यायला कमिटीतला कोणीतरी चॅम्पियन, म्हणजे तिची बाजू लावून धरणारा, लागतो, सी प्लस प्लसमध्ये पेपर कोणीही लिहू शकतं पण मीटिंगमध्ये उभं राहून तो मांडणारं माणूस हवं. साहजिकच ज्यांची कंपनी पगारी वेळ देते ते सहभागी होतात आणि शिकवणारे, एकटे लायब्ररी सांभाळणारे, संशोधनासाठी कोड लिहिणारे, हे सगळे फीडबॅकवर राहतात. हे खरंच बदलायचं असेल तर अजून एक सर्व्हे काढून भागणार नाही, नव्या माणसाला चॅम्पियन शोधून द्यावा लागेल, पहिला पेपर लिहिताना कोणीतरी शेजारी बसावं लागेल. सी प्लस प्लसमध्ये गेम्स आणि लो-लेटन्सीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांना जराही विलंब चालत नाही त्यांच्यासाठी, एसजी१४ हा वेगळा स्टडी ग्रुप निघाला ते मला म्हणूनच आवडतं, त्यांना पूर्ण कमिटीच्या गर्दीत न हरवता आपला प्रॉब्लेम आपल्या भाषेत मांडायला जागा मिळाली. आणि फीचर हातात देऊन बघू देणं, जसं रस्टच्या नाइटलीत मिळतं किंवा सी प्लस प्लसची काही प्रपोजलं कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाईटवर चालवून बघता येतात, यामुळे तर फीडबॅकचाच दर्जा बदलतो, कारण मग लोक आवडनिवड सांगत नाहीत, झालेलं सांगतात.

तुम्हाला स्वतःला यात पडायचं असेल तर आधी एवढंच विचारा की हे प्रपोजल आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे. सुरुवातीला असेल तर सिंटॅक्सबद्दल काही बोलूच नका, तुमचा खरा कोड दाखवा, कुठे अडतंय, आत्ता त्यावर काय जुगाड करावा लागतो, किती ठिकाणी करावा लागतो. शेवटच्या टप्प्यावर असेल तर ते चालू करून तुमच्या टेस्ट पळवा आणि जे फुटेल ते छोट्यात छोट्या उदाहरणासकट पाठवा, कुठल्या व्हर्जनवर फुटलं तेही लिहून.