मानसशास्त्रीय भयपट (बेळगाव सीमाभाग)

भीतीचे मूळ भुतात आहे की माणसाच्या मनात, याचा निकाल लांबवत नेणारा चित्रपटप्रकार. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातील मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. ‘अंगात येणे’, ‘बाहेरचे लागणे’ हे शब्द इथे आजारपणाच्या बोलण्यातही सहज येतात. शेजारच्या कन्नड घरात ‘मैमेले बरोदु’ म्हणतात, म्हणजे अंगावर येणेच. कन्नड कानावर असल्याने या प्रकारातले दोन महत्त्वाचे चित्रपट येथील मराठी प्रेक्षकाला जवळचे ठरावेत.

पहिला पुट्टण्णा कणगाल यांचा ‘शरपंजर’ (१९७१). त्रिवेणी यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. बाळंतपणानंतर मनोविकार जडलेली कावेरी बरी होऊन घरी परतते, पण तिचे बरे होणे कोणी मान्यच करत नाही. यात भूत नाही, म्हणून काटेकोर वर्गीकरणात तो भयपट ठरत नाही. तरीही सगळ्यांच्या संशयी नजरा झेलणाऱ्या बाईची घुसमट ज्याने पाहिली, तो या नोंदीतून त्याला वगळणार नाही. कावेरी साकारणाऱ्या कल्पना यांचा मृत्यू १९७९ मध्ये संकेश्वरजवळच्या गोटूर येथे झाला.

दुसरा ‘आप्तमित्र’ (२००४). हिंदी ‘भूल भुलैया’ (२००७) आधी पाहिलेल्यांना कन्नड चित्रपट ही त्याची नक्कल वाटते. सनावळी उलट सांगते. दोहोंचे मूळ फाजिल दिग्दर्शित मल्याळम ‘मणिचित्रताळु’ (१९९३) हे आहे. त्याची कथा मधु मुट्टम यांची. ती केरळमधील एका जुन्या घराण्यात घडलेल्या शोकांतिकेवरून सुचली, असे सांगतात. घटनेचा काळ सामान्यतः एकोणिसावे शतक मानला जातो. मूळ चित्रपटात स्वतःला सूडाने पेटलेली मृत नर्तकी समजू लागलेल्या स्त्रीवर मनोविकारतज्ज्ञ आणि मांत्रिक मिळून उपचार करतात: उलटणाऱ्या फळीवर जिवंत माणसाच्या जागी पुतळा येतो, रुग्ण स्त्री त्याच्यावर सूड उगवते आणि शांत होते. दवाखाना आणि देवऋषी दोन्ही करणाऱ्या घरांना ही तडजोड परकी वाटू नये.

‘तुंबाड’ (२०१८) हिंदी असला तरी त्याची मुळे मराठी आहेत. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, म्हणून कथाही तिथलीच असा समज आढळतो. तथापि दिग्दर्शक राही बर्वे यांनी मित्राकडून ऐकलेल्या नारायण धारपांच्या कथेचा उल्लेख केला आहे, आणि तोच धागा अधिक ग्राह्य वाटतो.

मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने ‘लपाछपी’ (२०१७) आवर्जून शोधून पाहावा. उसाच्या फडातले एकटे घर, गरोदर नायिका, लपंडाव खेळणारी मुले आणि स्त्रीभ्रूणहत्येचा विषय. डोक्यावर गेलेल्या उसात चार सऱ्या आत शिरले की दिशा कळत नाही, पाचट पायाखाली वाजते आणि आवाज आपलाच की दुसऱ्याचा ते उमगत नाही. चिकोडी, निपाणीकडे उसात वावरलेल्या प्रेक्षकाला हे भय भरदुपारीही खरे वाटते.