चौथे भोक का जुळत नाही?

बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढचे पाते किंवा लोडर जोडायचा तर आधी चासीवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर, ब्रॅकेट (जोडणीच्या पोलादी पट्ट्या) बांधावे लागतात, आणि पुष्कळदा तीन बोल्ट सहज आत जाऊन चौथे भोक मात्र दोन-तीन मिलिमीटर सरकलेले निघते. अशा वेळी बोल्ट हातोडीने ठोकण्याआधी ही तफावत कुठून आली हे शोधावे.

१० मिलिमीटरच्या बोल्टसाठी सामान्यतः ११ मिलिमीटरचे भोक ठेवतात. ब्रॅकेट आणि चासी दोन्हींत असे भोक असेल, तर भोकांच्या केंद्रांतला सुमारे १ मिलिमीटरचा फरक खपून जातो. चासीतच आटे पाडलेले असतील, तर अर्ध्याच मिलिमीटरची मुभा उरते. ही मुभा बहुधा ब्रॅकेटचे वेल्डिंग खाऊन टाकते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि पट्टीला आपल्याकडे ओढतो. १५० मिलिमीटर लांबीची पट्टी केवळ १ अंशाने कलली, तरी तिचे टोक २.६ मिलिमीटर सरकते.

ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करून, इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. मग सगळे बोल्ट हातानेच दोन-तीन आटे फिरवून लावावेत आणि शेवटचा बोल्ट आत गेल्याशिवाय एकही आवळू नये, कारण पहिलाच बोल्ट घट्ट केला की भोकांतली सारी मुभा तिथेच संपते. तरीही जुळले नाही, तर चासीवरील भोकांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ४०० बाय ३०० मिलिमीटरच्या चौकोनात लांब बाजू ३ मिलिमीटरने सरकली, तर कर्णांत ४.८ मिलिमीटरचा फरक पडतो. चूक अशी मोठी होऊन दिसत असल्याने साध्या टेपनेही ती सापडते.

बोल्टने ओढून फट मिटवणे मला सर्वांत घातक वाटते. अशा जोडात भार पेलते ते मुख्यतः दाबल्या गेलेल्या पृष्ठभागांमधले घर्षण. ८.८ दर्जाचा (हा बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) १० मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टन वजनाएवढा, दाब देतो, आणि घर्षणांक (दाबाच्या तुलनेत घर्षणाचे प्रमाण) ०.१५ धरल्यास तो जोड ३.७५ किलोन्यूटनपर्यंतच्या बलाला सरकत नाही. हाच दाब वाकडी पट्टी सरळ करण्यात खर्च झाला, तर पकडीसाठी कमी उरतो. काम करताना जोड सूक्ष्म हालत राहतो आणि शेवटी बोल्ट थकून तुटतो. म्हणून फट असेल तिथे तेवढ्याच जाडीची पोलादी शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घालावी.

भोक बाजूला सरकलेले असेल, तर गोल कानशीने ब्रॅकेटचे भोक लांबट करावे, चासीचे नव्हे, कारण ब्रॅकेट बदलता येतो. लांबट भोकावर जाड वॉशर हवाच, आणि भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट धातू उरला पाहिजे.

बोल्ट आळीपाळीने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. जोडाच्या पृष्ठभागांमधला रंगाचा थर दाबाखाली हळूहळू पातळ होऊन पकड सैल करतो, त्यामुळे पहिल्या कामानंतर टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना) पुन्हा एकदा लावावा.